चाळिशी उलटली तरी चोरून डब्ल्यूडब्ल्यूई बघणारे कोण कोण आहेत? (खरं सांगा)

अर्धा_कप
१४ डिसेंबर २०२५, सकाळी ११:१०

आज सकाळी घडलेला प्रकार. रविवार, घरात सासूबाई आलेल्या, मटारची पाच किलोची पिशवी माझ्यापुढे ओतलेली. मी डायनिंग टेबलावर मटार सोलतोय, डब्याला मोबाईल टेकवलेला, एका कानात इअरफोन. सगळ्यांना वाटतंय जावई बातम्या ऐकतोय. जावई बघत होता जॉन सीनाची शेवटची मॅच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे निकाल आधी ठरवून केलेल्या कुस्तीचे शो करणारी अमेरिकन कंपनी. हा माणूस तिथे २००२ साली आला आणि तेवीस वर्षं 'नेव्हर गिव्ह अप' लिहिलेले टीशर्ट घालून लढला. आज गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन धिप्पाड गड्याने त्याचा गळा आवळला आणि सीनाने चक्क टॅप केलं. हार मानली. संपलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी. सासूबाई मटार बघतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा मटार बघतात. "कांदा नाहीये हो तो," म्हणाल्या.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. निकाल आधी ठरलेला असतो हे मला आठवीपासून माहीत आहे. तरी हे का होतं? आणि 'मॅच बघत होतो' एवढं सांगायच्या ऐवजी 'ॲलर्जी आहे' असं का बोललो मी? क्रिकेट बघताना रडलो असतो तर सासूबाईंनीच पाणी आणून दिलं असतं.

कुलूपकिल्ली
१४ डिसें, ११:२५

मी. दादर. वय ४७. सीए. अशिलांसमोर कधीही कबूल करणार नाही.

तिरकी_रेघ
१४ डिसें, ११:३१

सगळं स्क्रिप्टेड असतं हो ते. ठरवून मारामारी. एवढ्या वेळात माणूस पुस्तक वाचेल.

शेवटचा_बाक
१४ डिसें, ११:३३

@तिरकी_रेघ, काय सांगता! स्क्रिप्टेड? आधी सांगायचं ना, तीस वर्षं गेली माझी.

कुलूपकिल्ली
१४ डिसें, ११:३४

आणि पुस्तकातलं सगळं खरं असतं वाटतं?

वाळवा_एक्स्प्रेस
१४ डिसें, १२:०२

बघायचं ते बघा, पण त्याला कुस्ती म्हणू नका, एवढीच विनंती. आमच्या घरात तीन पिढ्या तालमीत गेल्या. आजोबा खासबागेत लढलेले. मी स्वतः जत्रेत रेवड्यांवरच्या कुस्त्या केल्यात, म्हणजे बक्षीस काय तर मूठभर रेवड्या आणि पाठीवर थाप. त्या मूठभर रेवड्यांसाठी सकाळी चारला उठून जोर-बैठका मारायचो, आखाड्यातली माती उकरायचो, त्यात ताक-तेल-हळद घालायचो. कान मोडून फुलकोबी झालाय तो आजही तसाच आहे, फोटो मागू नका.

घिस्सा, ढाक, कलाजंग, एकचाक, भारंदाज... एकेक डाव अंगात मुरायला वर्षं जातात. आणि तिकडं एकजण दोरीवर चढणार, दुसरा खाली आडवा पडून त्याची वाट बघणार! आवं, उठून बाजूला हो की! आमच्याकडं असं कोण पडून राह्यलं तर वस्ताद काठी घेऊन यायचे.

जोड ठरवून सोडवली तर लोक मैदानातच शिव्या घालतात. 'नुरा कुस्ती' हा शब्द शिवी म्हणून वापरतात. तिकडं त्याचंच तिकीट लावतात.

निशिगंध_७२
१४ डिसें, १२:२०

वाळवा, फुलकोबीला दंडवत. पण एक आठवण सांगते, रागावू नका.

आमची आजी बार्शीची. नऊवारी, कपाळाला बुक्का, एकादशीला फक्त भगर. दुपारी केबलवर हे लागायचं तेव्हा ती खुर्ची सोडून खाली टीव्हीच्या पुढ्यात येऊन बसायची. पंचाचं लक्ष नाही आणि मागून दुसरा खुर्ची घेऊन येतोय असं दिसलं की ती टीव्हीच्या काचेवर बोट आपटायची, "मेल्या, मागं बघ की! डोळं फुटलं का तुजं?"

अंडरटेकर, म्हणजे मेलेला पुन्हा उठून बसणारा तो पैलवान, त्याला ती 'मढेवाला' म्हणायची. त्याच्यासोबत तो गोल चेहऱ्याचा पॉल बेअरर हातात कलश घेऊन यायचा, आठवतंय? आजीने पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं, अस्थी कुणाच्या? आम्ही सांगितलं, कुणाच्या असतील त्या असतील, त्यातून त्याला शक्ती मिळते. ती गप्प झाली. दर आठवड्याला कलश दिसला की मात्र पुटपुटायची, "असं घेऊन गावभर हिंडत्यात व्हय? एकदाचं विसर्जन करा म्हणावं. त्येला मुक्ती मिळंना म्हणून तर ह्यो पुन्ना पुन्ना उठतोय."

रिकिशी आला की आजी उठून आत जायची. ज्यांनी रिकिशीची चड्डी पाहिली आहे त्यांना कारण विचारावं लागणार नाही.

शेवटचा_बाक
१४ डिसें, १२:२६

"मुक्ती मिळंना म्हणून उठतोय." अंडरटेकरच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीचं यापेक्षा नेमकं विश्लेषण झालेलं नाही. आजींना साष्टांग.

पोपटी_रेनकोट
१४ डिसें, १२:४०

आमच्या शाळेत पक्की खबर होती की त्याला सात जन्म आहेत आणि चार वापरून झालेत. वर्गातल्या एकाचा मामा दुबईला होता, त्याने कन्फर्म केलेलं. अक्षय कुमारने सिनेमात त्याला डोक्यावर उचलला तेव्हा आम्ही आठवडाभर छाती काढून फिरलो. पुढे कळलं की तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा वेगळा पैलवान होता. गंमत म्हणजे १९९४ च्या समरस्लॅम नावाच्या मोठ्या शोमध्ये खोटा अंडरटेकर म्हणून खऱ्यासमोर उभा केला होता तोच हा ब्रायन ली. म्हणजे खोट्या खेळातला खोटा माणूस आपल्याकडे येऊन खरा ठरला.

आणि पैलवानांचे फोटो-आकडे छापलेली, आकड्यांची तुलना करून खेळायची ट्रम्प कार्डं कुणाला आठवतात?

कुलूपकिल्ली
१४ डिसें, १२:४३

रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. माझी मेहुण्याची जन्मतारीख चुकते, हे चुकत नाही.

पोपटी_रेनकोट
१४ डिसें, १२:४७

हाइट म्हटलं की जायंट गोन्झालेस, वेट म्हटलं की योकोझुना. हे दोघं ज्याच्याकडे त्याची मधली सुट्टी. माझा संच अजून आहे, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. एक कार्ड कमी आहे. ब्रेट हार्ट. १९९७ च्या मे महिन्यात कुणीतरी ढापलं.

अर्धा_कप
१४ डिसें, १२:५०

धागा हायजॅक होतोय, पण होऊ दे. मटार संपले.

माडाखालचा_गजाल
१४ डिसें, दुपारी २:१५

वाळवा, तुम्ही कुस्तीच्या मापाने मोजताय म्हणून गडबड होतेय. हे मोजायचं तर दशावताराच्या मापाने मोजा.

मी कुडाळकडचा. जत्रेत रात्रभर दशावतार बघून मोठा झालो. राक्षस यायचा तो पडदा फाडल्यासारखा, डोळे गरगर फिरवत, पेटी-मृदुंग-झांजेचा नुसता गदारोळ. आमची पोरं खरोखर आईच्या कुशीत शिरायची. तो राक्षस कोण? सकाळी आमच्या माडाचे नारळ पाडायला यायचा तोच. रात्री त्याला घाबरायचं, सकाळी त्याला चहा द्यायचा. यात आम्हाला कधी काही विसंगत वाटलं नाही. राक्षस मरणार हे पोथीतच आहे, त्यासाठी कुणी जागत नाही. तो मरण्याआधी किती वेळ नाचवतो, काय बोलतो, यासाठी जागतात.

आणखी एक साम्य. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा कुठली, कोण कुठे येणार, एवढं आधी बोलून घेतात, बाकी संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या. या लोकांचंही बरंचसं तसंच. शेवट ठरलेला, मधलं एकमेकांच्या कानात कुजबुजत. हेडलॉक घालून दोघं निवांत पडलेले दिसले की समजायचं, पुढचा प्रवेश ठरतोय.

हडसनकाठी
१४ डिसें, रात्री ८:०५

गजालभाऊंच्या शेवटच्या ओळीला माझी साक्ष. मी न्यू जर्सीत असतो. (अवांतर: १९८९ साली याच राज्याच्या सिनेटपुढे कंपनीने स्वतःच सांगितलं की आमचा खेळ हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, स्पर्धा नव्हे. का? तर खेळ म्हटला की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर आला. म्हणजे 'स्क्रिप्टेड असतं' ही गुप्त बातमी छत्तीस वर्षं जुनी आणि त्यांनीच फोडलेली आहे, तिरकी_रेघ.)

गेल्या वर्षी मुलाला घेऊन एका शाळेच्या जिममध्ये छोट्या कंपनीचा शो बघायला गेलो. मोठी नावं नाहीत. वर बास्केटबॉलच्या बास्केट, खाली घडीच्या खुर्च्या, दीडेकशे माणसं. आम्ही पहिल्या रांगेत. टीव्हीवर दिसत नाही ते तिथे दिसतं. रिंग म्हणजे गादी नव्हे. लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर बोटभर फोम, वर कॅनव्हास. माणूस पाठीवर पडला की फळ्यांचा असा आवाज येतो की आपल्या दाताला कळतो. हनुवटी छातीला चिकटवून, श्वास सोडून, सगळी पाठ एकदम टेकवायची, म्हणजे मार वाटला जातो. वाटला जातो, नाहीसा होत नाही.

एकाने दुसऱ्याच्या छातीवर उघड्या हाताचा फटका मारला. पाची बोटं उमटली. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबा, हे कसं खोटं करतात?" मला उत्तर देता आलं नाही.

मध्यंतरात तोच खलनायक, ज्याने दहा मिनिटांपूर्वी आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला होता, दाराशी टेबल मांडून टीशर्ट विकत होता. गुडघ्याला बर्फाची पिशवी चिकटपट्टीने बांधलेली. पन्नाशीचा असेल. मी वीसची नोट दिली तर हळू आवाजात विचारलं, "सुटे आहेत का साहेब?" मुलाने त्याच्याकडे बघून 'बू' केलं. त्याने लगेच चेहरा वाकडा करून दात दाखवले, मग परत सुटे मोजायला लागला.

आडवी_पट्टी
१४ डिसें, रात्री ९:३०

मी अस्थिरोगतज्ज्ञ. दोन्ही बाजूंनी बोलतो.

दर उन्हाळी सुट्टीत निदान एक तरी केस यायची. भाऊ, पलंग, गादी, आणि 'चोकस्लॅम' (गळा धरून उचलून आपटायचं). कॉलरबोन मोडलेला पोरगा रडत असायचा आणि मोडणारा भाऊ बाहेर बापाचा मार खात असायचा. एकदा बापालाच विचारलं तर म्हणाले, "डॉक्टर, मीच शिकवला होता."

पण पडद्यावरचं खोटं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न, गुरुत्वाकर्षणालाही स्क्रिप्ट देतात का? १९९८ साली अंडरटेकरने मॅनकाइंड नावाच्या पैलवानाला रिंगभोवतीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली फेकला. ठरलेलंच होतं. पण सोळा फूट हे सोळा फूटच असतात. पैलवान ओवेन हार्ट १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरून दोरीने उतरताना पडला आणि गेला. त्या रात्री शो पुढे चालू ठेवला. ते मी विसरलेलो नाही. पैलवान ख्रिस बेन्वाचं २००७ मधलं बायको-मुलाच्या खुनाचं आणि आत्महत्येचं प्रकरण तर इथे लिहवतही नाही. नंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा डोक्यावरच्या वर्षानुवर्षांच्या माराने किती नुकसान झालं होतं ते कळलं. त्यानंतरच्या काळात खुर्चीने डोक्यावर मारणं बंद केलं.

आणि ही मंडळी कंपनीची नोकर नाहीत, कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार. संघटना नाही, खेळाला सुट्टीचा हंगाम नाही. अर्धा_कप, तुम्ही विचारलंत लाज का वाटते. मला वाटते ती याची. 'पोरकट आहे' याची नाही.

निशिगंध_७२
१४ डिसें, रात्री ९:५५

डॉक्टर, पटलं. माझी लाज आणखी वेगळी. २००० च्या आसपास बायकांच्या मॅचेस काय असायच्या ते आठवा. कुस्ती कमी आणि कपडे ओढणं जास्त. आजी आणि मी एका खोलीत, रिमोट कुणाच्या हातात यावरून धावपळ. बाबा आले की चॅनल बदलून 'आमची माती आमची माणसं'. त्या काळाबद्दल हळहळणारे पुरुष भेटतात, 'तेव्हा काय मजा होती' म्हणून. मला नव्हती.

म्हणून २०१९ ला रेसलमेनियाची, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोची शेवटची, मुख्य मॅच तीन बायकांची आहे कळल्यावर मी ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं आणि सोमवारी सकाळी घरी बसून बघितली. बेकी लिंच जिंकली. आजी असती तर तिने विचारलं असतं, हिचे केस नेहमी असेच केशरी असतात का.

हडसनकाठी
१४ डिसें, रात्री १०:१०

ती मॅच माझ्या घरापासून वीस मिनिटांवर झाली. मी गेलो नाही. बायकोला सांगायला लाज वाटली. धागाकर्त्याला +१.

जुना_टपाल_नाका
१५ डिसें, सकाळी ७:२०

तुम्हा पोरांना वाटतं हे केबलबरोबर आलं. आमच्या वडिलांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या 'फ्री स्टाइल' पाहिलेल्या. किंगकाँग म्हणजे डोंगर. १९६८ साली मुंबईत दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तेव्हा गिरणीतून पहिली पाळी करून थेट गेले होते. आमच्या वर्तमानपत्रांत अजूनही नगरसेवक भिडले की 'फ्री स्टाइल हाणामारी' छापतात, तो शब्द तिथूनच आपल्या अंगवळणी पडला असं माझं आपलं मत.

वडिलांना मी एकदा विचारलं, ते ठरवून होतं का? त्यांनी सदरा घालता घालता थांबून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "दारासिंग ठरवून पडला असता का?" आणि बाहेर गेले. पुढे टीव्हीवर तेच दारासिंग हनुमान झाले, मग तर विषयच संपला.

वाळवा_एक्स्प्रेस
१५ डिसें, सकाळी ८:०५

काका, दारासिंग मातीतला अस्सल पैलवान, त्यात वाद नाही. पण त्या फ्री स्टाइल लढती आणि आखाड्यातली निकाली कुस्ती यात फरक होता, हे आमचे आजोबा तेव्हाही म्हणायचे. म्हणायचे आणि तिकीट काढून जायचे, ते वेगळं.

शेवटचा_बाक
१५ डिसें, सकाळी ८:०७

आजोबा सापडले! आजोबा पण आपल्यातले!

तिरकी_रेघ
१५ डिसें, सकाळी ९:४५

आता गंभीरपणे. माझा आक्षेप 'खोटं' यावर नाही, फसवणुकीवर आहे. नाटकात पडदा असतो, शेवटी नट येऊन नमस्कार करतात. इथे कुणी नमस्कार करत नाही. १९९७ मध्ये माँट्रियलला ब्रेट हार्टची कथा ठरवली एक आणि घंटा वाजवली भलतीच, त्यालाच न सांगता. म्हणजे आतल्या माणसालाही कळेना कुठे नाटक संपलं. हा कसला खेळ?

कुलूपकिल्ली
१५ डिसें, सकाळी ९:५०

थांबा. पुस्तक वाचा सांगणाऱ्या माणसाला माँट्रियलची मॅच सालासकट पाठ कशी?

तिरकी_रेघ
१५ डिसें, सकाळी ९:५२

वाचनात आलं होतं.

पोपटी_रेनकोट
१५ डिसें, सकाळी ९:५३

😂😂 वाचनात!

माडाखालचा_गजाल
१५ डिसें, सकाळी १०:३०

तिरकी_रेघ, तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि माझ्या दशावताराला तिथेच तडा जातो. आमच्या राक्षसाला कुणी फसवून मारला नाही. पण ओढ तिथेच आहे ना? सगळं खोटं आहे हे माहीत असलं की माणूस त्यातलं खरं शोधत बसतो. हा फटका खरा लागला का, हे रक्त खरं का, हा आत्ता चिडला तो खरंच चिडला का. खऱ्या खेळात ही मजा नाही, तिथे सगळंच खरं.

रेसलमेनियात एकवीस लढती जिंकून एकही न हरलेल्या अंडरटेकरला २०१४ ला तिथेच ब्रॉक लेस्नरने हरवलं, फलकावर '२१-१' आलं, तेव्हा स्टेडियमभर लोक तोंडं उघडी टाकून बसले होते. ठरलेल्या निकालाचा एवढा धक्का बसलेली माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

पोपटी_रेनकोट
१५ डिसें, सकाळी १०:४१

मी तेव्हा दोन दिवस जेवणावर राग काढला होता. आणि खलीचं कुणीच कसं काढलं नाही? २००७, वीस जणांची बॅटल रॉयल (सगळे एकदम रिंगमध्ये, शेवटी उरेल तो जिंकला), हिमाचलचा आपला गडी वर्ल्ड चॅम्पियन! चालायला लागला की बैलगाडी वळतेय असं वाटायचं, पण आपली बैलगाडी.

वाळवा_एक्स्प्रेस
१५ डिसें, दुपारी १:१५

खली जिंकला तेव्हा आमच्या तालमीत टीव्ही लावला होता. हे मी पहिल्यांदाच सांगतोय. वस्ताद बाहेरगावी होते.

रात्रभर विचार केला. गजालभाऊ, तुमचं एक मान्य. खासबागेत मोठी जोड सुटायच्या आधी काय होतं बघा. हलगी कडाडतेय, पैलवान फेटेवाल्यांच्या गराड्यातून येतो, माती कपाळाला लावतो, आखाड्याला चक्कर मारतो, मांडीवर शड्डू ठोकतो. शड्डूने कोण पडत नाही. कुस्तीसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. पण तो आवाज घुमला की तीस हजार माणसाच्या अंगावर काटा येतो. आमचे आजोबा सांगायचे, एक पैलवान होता, कुस्तीत बेताचा, पण त्याचा शड्डू ऐकायला लोक लांबून यायचे. त्याला आमंत्रणं कायम असायची.

ह्या अमेरिकावाल्यांनी शड्डूचा धंदा केला आणि कुस्ती सोडून दिली. एवढंच माझं म्हणणं आहे. बघत नाही असं मी कधी म्हणालो नव्हतो, वर जाऊन वाचा.

निशिगंध_७२
१५ डिसें, दुपारी १:२२

वर जाऊन वाचलं. खरंच म्हणाले नव्हते. 😀

अर्धा_कप
१५ डिसें, रात्री ९:४०

सगळं वाचलं. आता पुढचं ऐका.

काल रात्री मटारभात झाला. जेवताना सासूबाईंनी सगळ्यांसमोर विषय काढला, "ॲलर्जी बरी आहे का?" मी म्हटलं सांगून टाकू. सांगितलं. एक पैलवान आहे, तेवीस वर्षं हार मानणार नाही म्हणाला, आज त्याने मानली, मला वाईट वाटलं. टेबलावर शांतता. बायको ताटाकडे बघतेय. मुलगी कानात बोळे घातल्यासारखी.

सासूबाईंनी विचारलं, "वय काय त्याचं?" म्हटलं, अठ्ठेचाळीस. "मग बरं झालं," म्हणाल्या, "ह्यांना कुणी सांगितलं असतं तर ह्यांनीही अठ्ठावन्नपर्यंत ओढलं नसतं." सासरे कारखान्यात होते, पाठीचं दुखणं घेऊन रिटायर झाले. मग म्हणाल्या, "दाखवा बघू." तर काल रात्री साडेदहाला आम्ही दोघं सोफ्यावर, मोबाईल टीव्हीला जोडून. गळा आवळल्यावर त्या म्हणाल्या, "सोडव म्हणावं हात, सोडव." दोनदा म्हणाल्या. शेवट मी आधीच सांगितला होता.

शेवटचा_बाक
१५ डिसें, रात्री ९:४८

सासूबाईंचा आयडी काढून द्या इथे.

कुलूपकिल्ली
१५ डिसें, रात्री १०:३०

रेनकोट, एक विचारायचं होतं. तुमची शाळा गिरगावातली का? मे ९७ मध्ये चाळीच्या गच्चीवर खेळायचात?

पोपटी_रेनकोट
१५ डिसें, रात्री १०:३१

हो. का?

कुलूपकिल्ली
१५ डिसें, रात्री १०:३९

काही नाही. माझ्याकडे दोन ब्रेट हार्ट आहेत. एकाच्या मागे निळ्या शाईने 'पो' लिहिलंय.

पोपटी_रेनकोट
१५ डिसें, रात्री १०:४०

चोर!! 'पो' म्हणजे पोंक्षे, आमचं आडनाव! येत्या रविवारी कार्ड घेऊन ये. मी डबा आणतो. संपूर्ण डाव खेळायचा.

कुलूपकिल्ली
१५ डिसें, रात्री १०:४४

येतो. पण पहिली उतारी माझी, आणि रँक बोलायची नाही.

पोपटी_रेनकोट
१५ डिसें, रात्री १०:४५

कार्ड ढापणाऱ्याने नियम सांगू नयेत. रँक बोलणार.

तिरकी_रेघ
१५ डिसें, रात्री १०:५२

रविवारी किती वाजता आणि कुठे? पंच लागेल ना कुणीतरी.